आधी कोर्टात उभी राहा, परीक्षेचं मग बघू

मॅडम, नमस्कार.

मी मुलुंडला राहते, वय 30. सनद मिळाल्यावर पहिली दोन वर्षं फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये ड्राफ्टिंग, म्हणजे कोर्टाचे कागद लिहायचं काम, केलं. गेली अडीच वर्षं एका काऊन्सेलच्या, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या, चेंबरमध्ये ज्युनिअर आहे. नवऱ्याची कंपनी त्याला येत्या जूनपासून चार-पाच वर्षांसाठी लंडनला पाठवतेय, मला डिपेंडंट व्हिसा मिळेल. तिथे घरी बसून राहायचं नाही. बॅरिस्टर व्हायचं हे कॉलेजपासून डोक्यात आहे.

अंधेरीचा एक क्लास म्हणतो, परदेशी वकिलांसाठी 'बार ट्रान्सफर टेस्ट' असते, ती पास झालं की काम झालं. फी साडेतीन लाख, बॅच डिसेंबरपासून, आणि पूर्ण वेळ अभ्यास हवा. म्हणजे चेंबर आत्ताच सोडावं लागेल. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, ते एफडी मोडायला तयार आहेत. चेंबरचे सर म्हणतात, इंग्लिश लॉ शिकून इथे काय दिवे लावणार? मैत्रीण म्हणते, सॉलिसिटरची परीक्षा दे, नोकरी लवकर लागते. खरं सांगते, ड्राफ्टिंगचा मला कंटाळा येतो. कोर्टात उभी राहिले की जेवणाचंही भान राहत नाही. काय करू? तुमच्याहून बरीच लहान आहे, 'तू'च म्हणा.

– एक ज्युनिअर, मुलुंड

---

चेंबर सोडू नकोस. निदान डिसेंबरात तर नाहीच. सरांना कळवायचा मेसेज टाइप करून ठेवला असशील तर तो आधी डिलीट कर, मग पुढचं वाच.

क्लासवाल्याने सांगितलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॅरिस्टरांवर, म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलांवर, देखरेख ठेवतं ते बार स्टँडर्ड्स बोर्ड, आणि परदेशी वकिलांसाठी त्यांची बार ट्रान्सफर टेस्ट आहे, हे खरं. पण ती तुला द्यावी लागेल का, लागलीच तर कोणते पेपर, आणि ते दिल्यावर पुढे आणखी काय शिल्लक राहील, हे क्लास ठरवत नाही. आधी बोर्डाकडे अर्ज करायचा असतो. तुझी पदवी, तुझी सनद, तू कुठे किती वर्षं काय काम केलंस त्याचे पुरावे, हे सगळं बघून बोर्ड तुझ्यापुरता निर्णय कळवतं. शेजारच्या चेंबरमधल्या मुलाला एक उत्तर येईल, तुला वेगळं येईल. ते उत्तर हातात यायच्या आधी साडेतीन लाख भरणं म्हणजे डॉक्टरकडे जायच्या आधीच औषधं आणून ठेवणं.

आता मुद्द्याचं. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलाला बॅरिस्टर व्हायला तीन टप्पे ओलांडावे लागतात. कायद्याचं शिक्षण, मग बारचा कोर्स, मग प्युपिलेज. प्युपिलेज म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली बारा महिने. पहिले सहा महिने बघत, लिहीत, शिकत. पुढचे सहा महिने स्वतः कोर्टात. यातले पहिले दोन टप्पे पैसे आणि अभ्यास यांच्या जोरावर पार होतात. तिसरा तसा होत नाही. साऱ्या देशात मिळून प्युपिलेजच्या जागा वर्षाला साधारण पाचशे-सहाशे, आणि कोर्स करून रांगेत उभे असलेले त्याच्या कितीतरी पट. कोर्स झाल्यावर पाच वर्षांत जागा मिळाली नाही तर त्या कोर्सचा उपयोग संपतो. आपल्याकडून एलएलएम आणि बारचा कोर्स करून, कौटुंबिक ग्रुपवर झगा घातलेला फोटो टाकून, प्युपिलेज न मिळाल्याने परत आलेली मुलं-मुली हायकोर्टाच्या कोणत्याही मजल्यावर भेटतील. वाईट काही नाही त्यात, पण घरचे सगळ्यांना 'बॅरिस्टर झाली' म्हणून सांगतात आणि प्रॅक्टिसचा परवाना तिच्याकडे नसतो.

परदेशातून आलेल्या वकिलाला मात्र या तिन्ही टप्प्यांतून सूट मागता येते. प्युपिलेजमधूनही. नियम थोडक्यात असा, की इंग्लंडच्या कॉमन लॉशी मिळताजुळता कायदा जिथे चालतो अशा कोर्टांत तू किमान तीन वर्षं, नियमितपणे, पूर्ण अधिकाराने बाजू मांडलेली असली पाहिजेस. मग बोर्ड फार तर टेस्ट द्यायला सांगतं. आपली कोर्टं कॉमन लॉच्या घरातलीच, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न 'तीन वर्षं' आणि 'नियमितपणे' या दोन शब्दांचा आहे.

तू पत्रात साडेचार वर्षांचा हिशोब दिलास. बोर्डाच्या टेबलावर तो अडीचचा होण्याची शक्यता दाट आहे. फर्ममधली दोन वर्षं अनुभव म्हणून जरूर दाखव, पण प्लेंट (दाव्याचा अर्ज) आणि ॲफिडेव्हिट लिहिणं म्हणजे कोर्टात बाजू मांडणं नव्हे. आणि क्लाससाठी तू सोडणार काय आहेस? नेमके तेच सहा-आठ महिने, ज्यांच्यावर तुझं तीन वर्षांचं गणित पूर्ण होतं. टेस्ट तू पुढच्या वर्षी देऊ शकतेस, त्याच्या पुढच्या वर्षीही. मुंबईच्या कोर्टातली हजेरी लंडनमध्ये बसून भरून निघत नाही.

अडीच वर्षं तरी सिद्ध करता येतील का, ते आधी तपास. काऊन्सेलच्या ज्युनिअरची इथे खरी पंचाईत होते. वकीलपत्र तुझ्या नावाचं नसतं, ते फर्मचं असतं. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर स्वतःचा सनद नंबर टाकून बघ. मावशीच्या सोसायटीचं भांडण, एखादा चेक बाउन्स, असं किरकोळ काहीतरी निघेल. रोज सकाळी साडेदहाच्या आत कोर्टाचा त्या दिवसाचा कामांचा बोर्ड तपासून कोर्टरूमच्या दाराशी उभी असलेली मुलगी त्या यादीत सापडतच नाही.

तुझं नाव असतं ते हायकोर्टाच्या ऑर्डरच्या वरच्या भागात, हजेरीच्या ओळीत. अमुक काऊन्सेल, 'ए/डब्ल्यू' (सोबत) तू, 'आय/बी' (काम सोपवणारी फर्म) तमुक अँड कंपनी. तेही त्या दिवशी कोर्टाच्या स्टाफकडे नावांची चिठ्ठी देताना तू स्वतःचं नाव लिहिलं असशील तरच. कितीतरी ज्युनिअर सरांचं आणि फर्मचं नाव लिहून चिठ्ठी सरकवतात. स्वतःचं लिहायला संकोच वाटतो, विशेषतः मुलींना. तो संकोच आता परवडणारा नाही. उद्यापासून प्रत्येक चिठ्ठीवर नाव, तेही सनदेवर आहे तसंच पूर्ण.

शिवाय 'ए/डब्ल्यू' म्हणजे शेजारी होती, एवढंच त्यातून कळतं. बोललीस की नाही ते कळत नाही. म्हणून ज्या ऑर्डरींत तुझं नाव एकटं आहे त्या वेगळ्या काढ. सर दुसऱ्या कोर्टात पार्ट-हर्डमध्ये, म्हणजे अर्धवट राहिलेल्या सुनावणीत, अडकले, मॅटर पुकारलं गेलं आणि तू उठलीस, असे दिवस अडीच वर्षांत भरपूर आले असतील. त्या ऑर्डरी हायकोर्टाच्या वेबसाइटवरून आजच उतरवून घे आणि एका तक्त्यात मांड. तारीख, कोर्ट, मॅटर नंबर, समोर कोण होतं, तू काय मागितलंस, कोणत्या मुद्द्यावर बोललीस, काय झालं. नुसती तारीख घेतलेली असेल तर ती यादीत घालून यादी फुगवू नकोस. वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं, आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

सरांचं पत्र लागेल. ते नेहमीच्या छापाचं, 'हुशार, मेहनती आणि प्रामाणिक' असं नको. त्यांना मसुदा तूच करून दे. सिनिअरांना तेच आवडतं. त्यात लिहायचं, की अमुक महिन्यापासून या अमुक प्रकारच्या अर्जांवर ती स्वतंत्रपणे युक्तिवाद करते, आठवड्यातून साधारण किती वेळा, कोणत्या कोर्टांत. सर 'दिवे लावणार' म्हणाले तरी सही करतील. चांगला ज्युनिअर जातोय म्हणून बोलतात ते तसं.

आता पुढच्या महिन्यांत काय जमवायचं. स्वतःची प्रकरणं घे. सिटी सिव्हिल कोर्टातलं नोटीस ऑफ मोशन (दाव्यातला अंतरिम अर्ज), सेशन्सचा जामीन, धोबी तलावला स्मॉल कॉजेस कोर्टातलं भाड्याचं प्रकरण, जे मिळेल ते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलसाठी अर्ज कर. फी तुटपुंजी, पण प्रकरण तुझं असतं, वकीलपत्र तुझं असतं आणि बोलायचंही तुलाच. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातली कामं हातात असतील तर ती जरूर कर, मात्र सगळी यादी त्यांच्यावर उभी करू नकोस. तिथे वकिलाला हक्क म्हणून उभं राहता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि बोर्डाला हवा आहे तो पूर्ण अधिकार.

एखादी तरी उलटतपासणी कर, आणि ती न्यायाधीशासमोर. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, बहुतेक पुरावा कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे नोंदवला जातो; तिथे सगळे चहा घेत घेत प्रश्न विचारतात, आणि प्रश्नावर हरकत घेतली तरी ती नोंदवून पुढे जायचं. सिटी सिव्हिलमध्ये जज समोर असताना एक साक्षीदार तासभर हाताळ, फरक कळेल.

सोबत एक जुनी गोष्ट सांगते, तुझ्या बाबांना माहीत असेल. गांधीजी 1891 साली लंडनच्या इनर टेंपल या 'इन'मधून, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेतून, बॅरिस्टर होऊन आले, आणि मुंबईच्या याच स्मॉल कॉजेसमध्ये ममीबाई नावाच्या बाईच्या दाव्यात पहिल्यांदा उभे राहिले. फी तीस रुपये. समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची होती. उठले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, आणि एजंटला म्हणाले की काम पटेल वकिलांना द्या, मला दिलेले पैसे परत घ्या. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांनी लंडनच्या सगळ्या परीक्षा पास केल्या होत्या. त्या काळी तिथला शिक्का घेऊन आलं की इथे थेट उभं राहता यायचं. तिथे टर्म्स (सत्रं) भरायच्या म्हणजे बऱ्याच अंशी इनमध्ये ठरलेली जेवणं जेवायची. आज तुझ्याकडे नेमकी उलटी पुंजी आहे. शिक्का नाही, पण उभं राहायची सवय आहे, आणि त्या सवयीला तिथला नियम किंमत देतो. ती पुंजी डिसेंबरात बंद करायला निघाली होतीस, म्हणून मी एवढी चिडचिड करतेय.

तर माझं म्हणणं असं, की नवऱ्याला जूनमध्ये पुढे जाऊ दे. घर बघेल, थंडीत बॉयलर कसा चालतो ते शिकेल. जूनपर्यंत तुझी तीन वर्षं काठावर भरतात, आणि काठावरच्या अर्जाला उत्तरही काठावरचंच येतं. पुढची दिवाळी इथे करून जा. साडेतीन वर्षं आणि तीही धडधडीत, असं प्रकरण तयार होईल. चार-पाच वर्षांच्या मुक्कामात हे चार-पाच महिने काहीच नाहीत. सासरी कोणी कुरकुरलं तर माझं नाव सांग.

अभ्यास या काळात कर, पण संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. विषय साधारण ठरलेले आहेत: दिवाणी प्रक्रिया, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा, व्यावसायिक नीती, आणि प्रत्यक्ष कौशल्यं, म्हणजे तोंडी युक्तिवाद आणि लेखी मत. आपल्या वकिलांना वाटतं, सगळं आपल्याला येतंच, कारण आपला कायदा तिथूनच आलाय. घात तिथेच होतो. अगदी परकं असेल ते माणूस नीट वाचतो. ओळखीचं दिसलं की हात आपोआप चालतो.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब घे. आपल्याकडे तो पुराव्यात येत नाही. आधी एव्हिडन्स ॲक्टचं 25 कलम होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून ते रक्तात भिनलंय. इंग्लंडमध्ये तो येतो. 1984 च्या पोलिसांविषयीच्या कायद्याचं 76 कलम आहे: जबरदस्ती झाली होती किंवा ज्या परिस्थितीत जबाब घेतला त्यामुळे तो अविश्वसनीय ठरू शकतो, असा मुद्दा बचावाने काढला, की तसं नव्हतं हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं. ते सिद्ध झालं तर जबाब आत. म्हणजे प्रश्न वाचून तू पहिल्या ओळीत 'अग्राह्य' असं लिहिलंस, की उत्तर गेलं.

दुसरं, खर्च. आपल्याकडे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा वकिलाचा खर्च द्यायचा हे पुस्तकात आहे. व्यवहारात कोर्ट दहा-वीस हजार लावतं आणि सगळे हसत बाहेर पडतात. तिथे खर्च हाच निम्मा दावा असतो. तडजोडीचा प्रस्ताव कधी दिला, किती दिवसांत नाकारला, निकाल त्यापेक्षा बरा लागला की वाईट, यावर लाखो पौंड इकडचे तिकडे होतात. दिवाणी नियमांचा 36 वा भाग म्हणतात तो हाच. तो पाठ नको करूस, चार उदाहरणं कागदावर सोडव. तसंच मुदतीचं. आपल्याकडे साध्या दाव्यात लेखी जबाब उशिरा दिला की उशीर माफ करायचा (डिले कंडोनेशनचा) अर्ज आणि थोडी कॉस्ट; तिथे 2014 च्या डेंटन निकालापासून चूक किती गंभीर, का झाली, आणि एकूण परिस्थिती काय, अशा तीन पायऱ्यांनी बघतात. 'क्लार्क आजारी होता' एवढ्यावर भागत नाही.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साक्षीदाराची तयारी. सिटी सिव्हिलच्या जिन्यात काय चालतं ते तू रोज बघतेस. 'हे विचारतील, तेव्हा असं सांगायचं. तारीख विचारली तर आठवत नाही म्हणायचं.' इंग्लंडमध्ये बॅरिस्टरने साक्षीदाराची तालीम घ्यायची नाही, त्याला पढवायचं नाही. कोर्टात काय होतं, कुठे उभं राहायचं, प्रश्न नीट ऐकून खरं उत्तर द्यायचं, इथवर सांगता येतं. पुढे गेलात की शिस्तभंग. नीतीच्या पेपरात असा प्रसंग हमखास आडवळणाने येतो: अशील लिफ्टमध्ये सहज विचारतो, 'मी काय बोलू?' तेव्हा उत्तर पुस्तकातून नाही येत, सवयीतून येतं. बोर्डाच्या नियमपुस्तिकेत दहा मूळ कर्तव्यं दिली आहेत. ती आणि त्यांच्याखालचं स्पष्टीकरण फुकट वाचायला मिळतं. साडेतीन लाख लागत नाहीत.

तोंडी परीक्षेत तू मागे पडशील असं मला वाटत नाही, एक गोष्ट सोडून. आपण फार बोलतो. साठ पानांचं लेखी निवेदन, पंचवीस निकाल, आणि जज 'यस, यस, काऊन्सेल' म्हणेपर्यंत तीच गोष्ट तीनदा. तिथे मुद्द्यांचा सांगाडा आधी मोजक्या पानांत द्यायचा आणि तेवढंच बोलायचं. संबोधनंही बघून ठेव: हायकोर्टाच्या जजला माय लॉर्ड किंवा माय लेडी, सर्किट जजला युअर ऑनर, आणि डिस्ट्रिक्ट जजला डिसेंबर 2022 पासून नुसतं 'जज'. आपल्याला आधी ते उद्धटपणाचं वाटेल.

मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, तुझ्यासाठी नाही. सॉलिसिटरची परीक्षा, एसक्यूई, 2021 पासून सुरू आहे. पहिल्या भागात 180-180 बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर. ते भारतातल्या केंद्रावरही देता येतात. दुसरा भाग कौशल्यांचा, त्यातल्या तोंडी चाचण्या इंग्लंड किंवा वेल्समध्ये. दोन्ही भागांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास. सनद असलेल्या वकिलाला तिथल्या मुलांसारखा दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागत नाही, आणि पुरेसा अनुभव असेल तर दुसऱ्या भागातून सूटही मागता येते. नोकरी, ठरलेला पगार, मोठी फर्म हे हवं असेल तर हीच वाट सरळ. पण त्या नोकरीत तू दिवसभर करशील काय? ड्राफ्टिंग. तूच लिहिलंयस, कंटाळा येतो. जेवणाचं भान हरपणारं वाक्य जर खरं असेल, तर बॅरिस्टरच हो. वेळ लागेल तेवढा लागू दे.

बॅरिस्टर होणं म्हणजे पगार नव्हे, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव. तिथले बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्र असतात, चेंबर्सचे नोकर नसतात. म्हणूनच बाहेरून येणाऱ्यांना व्हिसाची अडचण होते: कामाच्या व्हिसाला स्पॉन्सर लागतो आणि स्वतंत्र माणसाला तो सहज मिळत नाही. तुझ्या बाबतीत ही अडचण डिपेंडंट व्हिसाने सुटते, त्यावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. हे तुझं नशीब समज. नुसत्या टेस्टच्या जोरावर विमानात बसणाऱ्यांचं तसं नसतं. मात्र प्युपिलेजमधून सूट मिळाली म्हणून घरी पाटी लावता येत नाही. पहिली तीन वर्षं अनुभवी बॅरिस्टर जिथे मार्गदर्शनाला उपलब्ध आहे अशाच ठिकाणाहून काम करावं लागतं, म्हणजे कोणत्या तरी चेंबर्सने तुला आत घ्यायला हवं. तिथे पोचलीस की पहिल्या महिन्यापासून ओळखी काढ. भारताशी संबंधित लवाद, व्यापारी तंटे, इमिग्रेशन, ही दारं तुला इतरांपेक्षा लवकर उघडतील. त्याआधी लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल, मिडल टेंपल या चारांपैकी एका इनचं सदस्य व्हावं लागतं. 'कॉल टू द बार', म्हणजे बॅरिस्टर ही पदवी, त्यांच्याकडूनच मिळते. बाबासाहेब 1922 मध्ये ग्रेज इनमधून झाले, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तीच निवडतात. कायद्याने चारींत फरक नाही.

हाँगकाँग आणि कॅनडाबद्दल विचारणारी पत्रं माझ्याकडे आहेतच, त्यांनाही इथेच दोन ओळी. हाँगकाँगमध्ये बार असोसिएशनची स्वतंत्र पात्रता परीक्षा असते, तिथेही तीन वर्षांची प्रॅक्टिस मागतात, आणि खालच्या कोर्टांत कँटोनीज फार चालतं. कॅनडात बॅरिस्टर आणि सॉलिसिटर हा एकच परवाना. आधी एनसीए नावाची समिती आपली पदवी तपासून विषय नेमून देते, मग ओंटारिओसारख्या प्रांतात बॅरिस्टरचा एक आणि सॉलिसिटरचा एक असे दोन पेपर, दोन्ही पेपर पुस्तकं उघडी ठेवून द्यायचे. पुस्तक उघडं असलं की सोपं, असं समजून गेलेले परत अर्ज भरताना दिसतात.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर. मुंबईत याचा उपयोग काय? कायद्याने शून्य. 1 जानेवारी 1977 पासून ओरिजिनल साइडची ती दुहेरी पद्धत, म्हणजे सॉलिसिटरने काम घ्यायचं आणि काऊन्सेलने बोलायचं, कागदोपत्री संपली. आज परत येऊन तू हायकोर्टात उभी राहशील ती महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलच्या सनदेवरच. म्हणून ती सनद कोणत्याही परिस्थितीत हातची घालवू नकोस. तिथे पगारी नोकरी धरलीस तर बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस स्थगित करून घ्यावी लागते, तो नियम आहे. न कळवता राहणाऱ्यांना परत आल्यावर त्रास होतो.

बाबांची एफडी राहू दे. आत्ता खर्च आहे तो बोर्डाच्या अर्जाचा, कागदपत्रांच्या प्रतींचा आणि दोन-तीन पुस्तकांचा. ती पुस्तकंही चालू वर्षाचीच घे. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर स्वस्तात मिळणारी जुनी आवृत्ती दिवाणी प्रक्रियेसाठी अजिबात नको. निर्णय आल्यावर, नेमके पेपर कळल्यावर, एखाद्या विषयाला शिकवणी हवीच वाटली तर तेवढ्यापुरती लाव. डिसेंबरची बॅच भरली तर एप्रिलची असते, एप्रिलची भरली तर ऑगस्टची असते. क्लासवाले जागा शिल्लक ठेवतातच.

राहिली कागदपत्रं. बार कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागेल, सर्टिफिकेट ऑफ गुड स्टँडिंग. तो ताजा मागतात, म्हणून आत्ता काढून फाइलमध्ये ठेवू नकोस. अर्ज जवळजवळ पूर्ण झाला की मगच. पण नावाचं आत्ताच बघ. तुझी सनद लग्नाआधीच्या नावाने असणार, ऑर्डरींत कधी माहेरचं आडनाव, कधी सासरचं, कधी नुसतं आद्याक्षर, आणि व्हिसासाठी पासपोर्ट नवऱ्याच्या नावाने करून घेतला असशील. लंडनमधल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. सनदेवर नाव बदलून घ्यायचं की पासपोर्ट माहेरच्या नावावर ठेवायचा ते या महिन्यात ठरव. विवाह नोंदणीचा दाखला, लागलं तर गॅझेटमधली नावबदलाची नोंद, आणि तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं ॲफिडेव्हिट तयार कर. आणि आतापासून प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव.